गळका शॉकअप आणि त्याचे सील

खडवली हे कल्याण तालुक्यातले गाव. मध्य रेल्वेच्या कल्याण-कसारा मार्गावर, टिटवाळा आणि वासिंद यांच्या मध्ये, खडवलीचे स्टेशन आहे. गावाजवळून भातसा नदी वाहते. पावसाळ्यात भाताची खाचरे पाण्याने भरतात आणि रस्त्याकडेला चिखल होतो. उन्हाळ्यात त्याच चिखलाची धूळ होते. या चिखलातून आणि धुळीतून माणसे मोटारसायकल चालवतात. कोणी स्टेशन गाठतो, कोणी दुधाचे कॅन पोचवतो, कोणी पडघ्याच्या बाजाराला जातो. गाडी बंद पडली की दिवसाची मजुरी बुडते.

अशा गाडीला एक दुखणे हटकून होते. पुढच्या शॉकअपमधून तेल गळू लागते. चकचकीत पाइपावर तेलाचा ओघळ दिसतो. त्यावर धूळ बसून काळा लेप होतो. माणूस म्हणतो, "थेंबभर तर तेल आहे, चालतंय." फडक्याने पुसतो आणि किक मारतो.

पण हे थेंबभर तेल खाली कुठे जाते? शॉकअपच्या खाली चाक असते आणि चाकात ब्रेक असतो. तेल ब्रेकवर पोचले की ब्रेक घसरतो. समोर पोर आडवे आले, तुम्ही ब्रेक दाबला आणि गाडी थांबली नाही, तर? म्हणून या थेंबाला हलके समजू नये.

तेल गळते ते एका रबरी कड्याच्या दोषामुळे. त्या कड्याला ऑइल सील म्हणतात. ते बदलायचे काम नीट समजून घेतले तर घरच्या अंगणात करता येते. मात्र एक गोष्ट आधीच ध्यानात धरा. सील बहुधा आपण होऊन मरत नाही, त्याला कोणीतरी मारते. मारणारा सापडला नाही, तर नवे सीलही जुन्याच्या वाटेने जाते.

शॉकअपच्या पोटात काय असते?

मोटारसायकलच्या पुढच्या चाकाला दोन बाजूंनी दोन पाय असतात. प्रत्येक पायाचे दोन भाग. वरचा भाग म्हणजे पोलादी चकचकीत पाइप. खालचा भाग जाड असतो. त्याला मेकॅनिक लोक बॉटम म्हणतात. पाइप बॉटममध्ये वरखाली सरकतो. आत एक लांब स्प्रिंग असते आणि थोडे तेल असते.

स्प्रिंगचे काम सोपे आहे. चाक खड्ड्यात गेले की ती दबते आणि धक्का झेलते. मग तेल कशाला? नुसती स्प्रिंग असती तर गाडी एका खड्ड्यानंतर दहा वेळा उसळली असती. ते उसळणे तेल थांबवते. होळीची पिचकारी आठवा. पिचकारीचे तोंड बारीक असते, म्हणून दांडा भसकन आत जात नाही, पाणी जेवढे बाहेर पडेल तेवढाच सरकतो. शॉकअपच्या आतही बारीक भोके असतात. तेल त्या भोकांतून जाताना अडते आणि पाइपाची उडी रोखली जाते.

१९३५ साली जर्मनीतल्या बी. एम. डब्ल्यू. कंपनीने अशी तेलाची सोय असलेले पुढचे काटे आपल्या मोटारसायकलींना बसवले. पुढे ही रीत जगभर पसरली. आज आपल्या रस्त्यांवरच्या बहुतेक मोटारसायकलींचे पुढचे शॉकअप याच जातीचे असतात.

आता अडचण बघा. पाइप सारखा वरखाली सरकणार आणि तेल मात्र बाहेर येता कामा नये. सरकत्या पाइपाभोवती फट तर राहणारच. ती फट अडवायची कशी? तिथे सील येते.

सील म्हणजे काय?

सील म्हणजे बांगडीसारखे कडे. आत पत्र्याची कडी आणि वर रबर. या रबराच्या आतल्या बाजूला पातळ ओठ असतो. तो ओठ पाइपाला चारी बाजूंनी चिकटून राहतो. ओठाच्या मागे एक नाजूक गोल स्प्रिंग असते. गळ्यातल्या साखळीसारखी ती ओठाला आवळून धरते. पाइप वर आला की ओठ त्यावरचे तेल निपटून काढतो. केसाहून पातळ असा थर तेवढा पाइपावर राहतो, आणि तो राहायलाच हवा. त्यामुळे ओठ ओला राहतो. कोरडा ओठ घासून झिजतो.

सीलाच्या वर आणखी एक रबरी टोपी असते. ती धूळ अडवते. तिला धुळीचे सील म्हणा. आतले सील तेलाला बाहेर येऊ देत नाही आणि वरची टोपी धुळीला आत जाऊ देत नाही. एक घरातला राखणदार, दुसरा वेशीवरचा.

या सीलाचा इतिहासही ऐकण्याजोगा आहे. बैलगाडीच्या आखाला वंगण घालतात, ते आखाच्या टोकाने गळून जाते आणि पुन्हा घालावे लागते. यंत्रे आली तेव्हा तीच अडचण मोठी झाली. तेल अडवायला माणसाने आधी चामडे वापरले. आपल्याकडे विहिरीचे पाणी चामड्याच्या मोटेने काढत, तेव्हा चामड्याचा गुण आपल्याला ठाऊक आहेच. जर्मनीत वाइनहाइम गावी फ्रॉयडेनबर्ग नावाचा कातडी कमावण्याचा मोठा कारखाना होता. त्या कारखान्याने १९२९ साली यंत्रांसाठी चामड्याची सीले बनवायला घेतली. पुढच्या दहा वर्षांत तेलाने न फुगणारे बनावट रबर आले आणि चामड्याची जागा रबराने घेतली. कातडी कमावणाऱ्यांच्या हातून सुरू झालेला हा जिन्नस आज मोटारसायकलीत, पाण्याच्या पंपात आणि ट्रॅक्टरमध्येही असतो.

सील कोण मारतो?

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. सील खराब होण्याची कारणे मोजकीच आहेत.

पहिले कारण चिखल आणि धूळ. पाइपावर चिखल सुकतो. गाडी खड्ड्यात आदळली की चिखल लागलेला पाइप सीलात शिरतो. वाळूचा कण ओठाखाली अडकतो आणि ओठाला चीर पाडतो. वीटभट्टीच्या आणि खडीच्या रस्त्यावर हे फार होते.

दुसरे कारण गंज. गाडी पावसात उभी राहते. पाइपावरचा चकचकीत मुलामा जागोजाग उडतो आणि बारीक खड्डे पडतात. असा पाइप सीलातून जाताना किसणीसारखा चालतो. किसणीवर खोबरे घासले तर काय होते ते घरच्या बाईमाणसाला विचारा. सीलाच्या ओठाचे तेच होते.

तिसरे कारण दगडाचा मार. पुढच्या गाडीच्या चाकाखालून खडी उडते आणि पाइपाला टोच पडते. टोच लहान असली तरी तिची धार ओठाला कापते.

चौथे कारण वाकलेला पाइप. गाडी कुठेतरी धडकलेली असते. पाइप किंचित वाकतो आणि डोळ्यांना दिसतही नाही. पण सीलाच्या एका बाजूवर सारखा दाब पडतो.

पाचवे कारण जास्त तेल. "थोडं जास्त घाल रे, बरं चालेल," असे म्हणून कोणी तेल वाढवतो. शॉकअपमध्ये तेलाच्या वर थोडी हवा राहावी लागते. तेल वाढले की हवेची जागा कमी होते, दाब वाढतो आणि तो दाब सीलावर येतो.

सहावे कारण म्हातारपण. उन्हापावसात वर्षे गेली की रबर ताठ होते. त्याला इलाज नवे सील हाच.

आधी पट्टी फिरवून बघा

सील फाटलेच आहे असे लगेच समजू नका. कधी कधी ओठाखाली नुसता कण अडकलेला असतो. तो निघाला की गळती थांबते आणि खर्चही वाचतो.

गाडी मधल्या स्टँडवर उभी करा. वरची धुळीची टोपी हळूच पाइपावर वर सरकवा. खालची घाण फडक्याने पुसा. मग जुन्या एक्स-रे फिल्मची बोटभर रुंद पट्टी कापा. तिच्या टोकाला एका बाजूने लहान खाच करा म्हणजे आकडीसारखा आकार येईल. ही पट्टी पाइप आणि सील यांच्या मध्ये अलगद घाला. पाइपाभोवती एक फेरी फिरवा आणि बाहेर काढा. पट्टीवर काळी घाण येईल. ती पुसून पुन्हा फिरवा. लोखंडी पट्टी किंवा पेचकस मात्र घालू नका. त्याने चांगला ओठही फाटेल.

मग टोपी बसवा, पाइप पुसा आणि दोनचार दिवस गाडी चालवून बघा. पाइप कोरडा राहिला तर काम झाले. पुन्हा ओघळ आला तर सील बदलावे लागेल.

आकडे वाचायला शिका

सील आणायला दुकानात जाल तेव्हा तुमचे वाचन कामी येईल. सीलाच्या कडेवर बारीक आकडे छापलेले असतात. समजा, त्यावर ३१, ४३ आणि १०.३ असे आकडे आहेत. त्यांचा अर्थ असा. पहिला आकडा आतल्या भोकाचा, म्हणजे पाइप ३१ मिलिमीटर जाडीचा. दुसरा आकडा बाहेरच्या कडेचा, म्हणजे सील ४३ मिलिमीटर रुंद. तिसरा आकडा सीलाच्या उंचीचा. हा झाला नमुना. तुमच्या गाडीचे आकडे वेगळे असू शकतात. त्या पट्टीवरचे आकडे सहसा इंग्रजी अंकांत असतात, तेवढे दहा अंक ओळखता आले म्हणजे पुरे.

दुकानदाराला नुसते "शॉकअपचं सील द्या" म्हणू नका. गाडीचे नाव, कोणत्या सालची ते आणि जुन्या सीलावरचे आकडे सांगा. नवे सील हातात आले की आकडे जुळतात का ते वाचून बघा. एका आकड्याची चूक झाली तरी सगळी मेहनत फुकट जाते.

सीले दोन्ही पायांची एकदम बदला. एक गेले तर दुसऱ्याचेही वय तेवढेच असते. सोबत धुळीच्या टोप्या आणि खालच्या बोल्टाचे तांब्याचे वॉशरही नवे घ्या. वॉशर लहान असतो, पण जुना घातला तर तेल सीलातून नाही, तर खालून गळते.

तेल कोणते आणि किती, हे गाडीसोबत मिळालेल्या पुस्तकात लिहिलेले असते. पुस्तक हरवले असेल तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरात विचारून कागदावर लिहून आणा. अंदाजाने तेल घालायचे नाही.

कामाची तयारी

निवांत दिवस निवडा. घाईत हे काम करू नका. सोबतीला एक माणूस हवाच. जागा सपाट आणि स्वच्छ हवी. जमिनीवर जुनी गोणी अंथरा. अंगणात पोरे आणि कोंबड्या फिरकणार नाहीत असे बघा.

जवळ ठेवायचे सामान असे : पाने, अ‍ॅलन की, पक्कड, चपटा पेचकस, हातोडी, लाकडाचे ठोकळे, बारीक टोकाची आकडी, स्वच्छ सुती फडकी, रॉकेल, तेल मोजायचे मापाचे भांडे, आणि जुने तेल धरायला पसरट डबा. पेट्रोलने भाग धुऊ नका. ते झटकन पेट घेते. रॉकेलने धुवा, पण जवळ चूल किंवा विडी नको.

सुटे भाग एका ताटात ठेवा आणि काढले त्याच क्रमाने मांडा. पहिला बोल्ट डावीकडे, दुसरा त्याच्या शेजारी. जोडताना उजवीकडून डावीकडे यायचे. मोबाइलवर फोटो काढून ठेवले तर आणखी बरे.

शॉकअप कसा उतरवावा?

एक. गाडी मधल्या स्टँडवर घ्या. इंजिनाखाली लाकडी ठोकळे लावा म्हणजे पुढचे चाक अधांतरी राहील. गाडी हलवून बघा. डुगडुगत असेल तर पुढे जाऊ नका. गाडी अंगावर आली तर हातपाय मोडेल.

दोन. हँडलाखाली पाइप ज्या दोन पकडींत धरलेले असतात, त्यांतल्या वरच्या पकडीचा बोल्ट सैल करा. मग पाइपाच्या टोकावरचे झाकण पाव फेरी सैल करून ठेवा. पुरते काढू नका. पाइप घट्ट धरलेला असतो तोवरच हे झाकण सहज हलते.

तीन. ब्रेकची केबल आणि मीटरची केबल सोडवा. चाकाचा आस काढा आणि चाक उतरवा. मग मडगार्ड काढा. तुमच्या गाडीला डिस्क ब्रेक असेल तर त्याचा कॅलिपर दोरीने वर बांधून ठेवा. त्याला नळीवर लोंबकळू देऊ नका. चाक काढल्यावर ब्रेकचा दांडा कोणी दाबणार नाही हेही बघा.

चार. आता बॉटमच्या तळाशी आत खोल एक बोल्ट दिसेल. त्याला अ‍ॅलन की लागते. सोबत्याला बॉटम वर दाबून धरायला सांगा आणि तो बोल्ट थोडा सैल करा. आत स्प्रिंगचा दाब असताना तो सुटतो. नंतर तो नुसताच गोल फिरत बसतो. आताच फिरू लागला तर जोर करू नका. पाय उतरवून मेकॅनिककडे न्या. त्याच्याकडे झटका देऊन बोल्ट सोडवायचे यंत्र असते. तेवढेच काम करून घ्या.

पाच. पाइप वरच्या पकडीतून किती वर आला आहे तिथे खूण करा. मग खालच्या पकडीचा बोल्ट सैल करून पाय फिरवत फिरवत खाली ओढून काढा.

सहा. आता वरचे झाकण काढा. इथे सांभाळा. झाकणाखाली दबलेली स्प्रिंग असते. तळहाताने झाकण दाबून धरा आणि तोंड बाजूला ठेवून फिरवा. शेवटच्या आट्याला ते उसळी घेते. स्प्रिंगचे कोणते टोक वर होते ते ध्यानात ठेवून ती बाहेर काढा.

सात. पाय डब्यावर उलटा धरा. पाइप चारसहा वेळा आतबाहेर करा म्हणजे सगळे तेल निघेल. ते किती काळे आहे आणि त्यात चुरा आहे का, ते बघा.

आठ. तळाचा बोल्ट पुरता काढा. धुळीची टोपी काढा. तिच्या खाली तारेची गोल क्लिप खाचेत बसलेली असते. ती आकडीने उचला. ती उडते, म्हणून वर फडके धरा. मग पाइप बॉटममधून ओढून काढा.

नऊ. बॉटमच्या तोंडावर लाकडाची चीप ठेवा आणि तिच्या आधाराने पेचकसाने जुने सील उचकटा. निघत नसेल तर तोंडावर उकळते पाणी ओता. बॉटम गरम होऊन किंचित फुगतो आणि सील सैल होते. सील ज्या खोबणीत बसते तिला ओरखडा पडू देऊ नका. तिथून तेलाला वाट मिळते.

इथे थांबा आणि मारेकरी शोधा

जुने सील निघाले म्हणजे अर्धेच काम झाले. आता नवे सील लगेच बसवायचे नाही.

पाइप रॉकेलने धुऊन पुसा. मग डोळे मिटून त्यावरून नख फिरवा. डोळ्यांना न दिसणारी टोच नखाला कळते. विशेषतः सील जिथे सरकते तेवढा टप्पा नीट तपासा. एखादीच बारीक टोच असेल तर अगदी बारीक पॉलिश पेपरने तिची धार मारा. खोबण करू नका, नुसती धार गेली पाहिजे. गंजाचे खड्डे पुष्कळ असतील तर पेपरने घासून भागणार नाही. तो पाइप बदलावा लागेल. पैसे लागतील खरे. पण गंजक्या पाइपावर नवे सील बसवणे म्हणजे फुटक्या घागरीला नवे झाकण करण्यासारखे आहे.

पाइप वाकला आहे का तेही बघा. जाड सपाट काच जमिनीवर ठेवा आणि तिच्यावर पाइप गडगडवा. सरळ पाइप सारखा फिरतो. वाकलेला असेल तर मध्ये उजेडाची फट दिसते. वाकलेला पाइप घरी ठोकून सरळ करू नका.

जुने सीलही तपासा. ओठ एकाच जागी कापला असेल तर टोच किंवा वाळू समजा. एका बाजूला जास्त झिजला असेल तर पाइप वाकल्याचा संशय धरा. सगळीकडे ताठ आणि तडकलेला असेल तर वय झाले. नाडी बघून वैद्य रोग सांगतो, तसे ओठ बघून कारण सांगता येते.

नवे सील बसवताना

बॉटम आतून धुऊन कोरडा करा. पाइप आत घाला. तळाचा बोल्ट नवा तांब्याचा वॉशर घालून लावा. तो घट्ट करताना आतला भाग फिरू लागला, तर स्प्रिंग आणि झाकण तात्पुरते बसवून वरून दाबा.

आता सील घ्या. बाजू ओळखा. ज्या बाजूला ओठामागची गोल स्प्रिंग दिसते ती बाजू खाली, म्हणजे तेलाकडे. ज्या बाजूला आकडे छापलेले आहेत ती बाजू वर, म्हणजे आकाशाकडे. सील उलटे बसवले तर ते तेल अडवणार नाही.

पाइपाच्या वरच्या काठाला धार असते. त्यावर दुधाची रिकामी, धुतलेली पिशवी गुंडाळा. पिशवीला आणि सीलाच्या ओठाला शॉकअपचेच तेल लावा. मग सील हळूच खाली सरकवा आणि पिशवी काढून टाका. सील बॉटमच्या तोंडावर सरळ ठेवा. त्यावर जुने सील ठेवा. पाइपावरून जाईल आणि सीलाच्या बाहेरच्या कडेवर टेकेल असा प्लास्टिकच्या पाइपाचा तुकडा घ्या आणि त्याने चारी बाजूंनी सारखे ठोका. एका बाजूला जोर दिला तर सील तिरके बसते. हळूहळू क्लिपची खाच पुरती दिसू लागते. ती दिसली की थांबा, जुने सील काढा आणि क्लिप खाचेत बसवा. क्लिप फिरवून बघा. चारी बाजूंनी बसली असेल तर ती खाचेतच फिरते. मग धुळीची टोपी दाबून बसवा.

तेल मोजून घाला

पुस्तकात लिहिले असेल तेच तेल आणि तेवढेच माप. काही पुस्तकांत दोन मापे दिलेली असतात. एक नुसते तेल बदलताना, दुसरे सगळे खोलून धुतल्यावर. तुम्ही सगळे खोलले आहे, म्हणून दुसरे माप धरा. धुतल्यावर आत जुने तेल उरलेले नसते, म्हणून हे माप थोडे जास्त असते.

दोन्ही पायांत तेल सारखे हवे. एका बैलाला पेंड आणि दुसऱ्याला नुसता कडबा घातला तर गाडी सरळ चालेल का? तसेच हे आहे.

तेल घातल्यावर पाइप पाचसहा वेळा हळू वरखाली करा म्हणजे अडकलेली हवा निघेल. मग स्प्रिंग आधी होती तशीच घाला आणि झाकण आट्यावर नीट धरून लावा.

पाय पुन्हा पकडीत घालताना केलेल्या खुणेशी जुळवा. दोन्ही पाय एका उंचीवर हवेत. आधी खालची पकड घट्ट करा, मग झाकण, मग वरची पकड.

चाक बसवताना एका गोष्टीवर जीव अवलंबून आहे. ड्रम ब्रेकच्या झाकणाला एक खाच असते. बॉटमवर एक उंचवटा असतो. तो उंचवटा त्या खाचेत बसलाच पाहिजे. नाही बसला तर ब्रेक दाबताच झाकण चाकाबरोबर फिरेल, चाक अडकेल आणि माणूस हँडलावरून पुढे फेकला जाईल. आस घट्ट करण्याआधी हे बोटाने चाचपून बघा. सोबत्यालाही बघायला सांगा.

ब्रेक तपासल्याशिवाय रस्त्यावर नको

गळती जुनी असेल तर तेल ब्रेकपर्यंत गेलेले असू शकते. ड्रम उघडून बघा. लायनर तेलाने भिजला असेल तर तो पुसून किंवा उन्हात वाळवून चालत नाही. तेल त्यात मुरते आणि ब्रेक तापला की पुन्हा वर येते. लायनर नवा घाला. डिस्क ब्रेकचे पॅड भिजले असतील तर तेही नवे घाला आणि डिस्क ब्रेक साफ करण्याच्या द्रवाने पुसून घ्या.

सगळे जोडून झाले की गाडी स्टँडवरून उतरवा. पुढचा ब्रेक धरून हँडल दहाबारा वेळा दाबा. पाइप पुसा आणि बघा. ओला होतो का? नाही ना? मग मोकळ्या जागी हळू चालवा आणि ब्रेक लावून बघा. त्यानंतरच रस्त्यावर जा. दुसऱ्या दिवशी सगळे बोल्ट एकदा पुन्हा तपासा.

जुने तेल कुठे टाकायचे? ओढ्यात नाही, विहिरीजवळ नाही आणि भातसेत तर नाहीच. भातसेचे पाणी माणसे पितात, मुंबईलाही जाते. तेल डब्यात बंद करून गॅरेजवाल्याकडे द्या. तो ते तेल घेणाऱ्याला देतो.

कोणी हे काम घरी करू नये?

ज्या गाडीचे चकचकीत पाइप खाली आणि जाड भाग वर असतो, तो शॉकअप उलट्या जातीचा. त्याला खास हत्यारे लागतात. ती गाडी जाणत्या मेकॅनिककडेच द्या. अपघात झालेल्या गाडीचेही तसेच. आणि मध्येच काही कळेनासे झाले तर पुढे रेटू नका. सुटे भाग ताटासकट गॅरेजात नेण्यात कमीपणा नाही. अर्धवट जोडलेली गाडी चालवणे हा मात्र वेडेपणा आहे.

काम झाल्यावर सील टिकवणे तुमच्या हातात आहे. चिखलातून घरी आलात की तो सुकण्याआधी ओल्या फडक्याने पाइप पुसा. एवढे केले तरी सीलाचे आयुष्य वाढते. पाण्याची जोरदार धार थेट सीलावर मारू नका. गाडी आडोशाला उभी करा.

ध्यानात ठेवा

१. तेलाचा ओघळ दिसला की आधी ब्रेक तपासा.
२. सील बदलण्याआधी पट्टी फिरवून घाण काढा.
३. सील का गेले ते शोधल्याशिवाय नवे बसवू नका.
४. आकडे वाचून सील घ्या, माप बघून तेल घाला.
५. आकडे छापलेली बाजू वर, स्प्रिंगची बाजू खाली.
६. ब्रेकच्या झाकणाची खाच उंचवट्यात बसली का ते चाचपा.

वाचून उत्तरे सांगा

१. शॉकअपमध्ये स्प्रिंग असताना तेल कशाला लागते?
२. जास्त तेल घातले तर सीलाचे काय होते?
३. सीलावरच्या तीन आकड्यांचा अर्थ काय?
४. नवे सील लवकर फाटले तर तुम्ही पाइपावर काय शोधाल?
५. तुमच्या गाडीच्या पुस्तकातून शॉकअपच्या तेलाचे माप शोधा आणि वहीत लिहा.